व्याह्यांचा जर्मन बटाटा

पोलादपूर तालुक्यात बटाट्याचे हाल माझ्या व्याह्यांइतके कोणी केले नसतील, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. महाडच्या कोर्टात कारकुनी करण्यात माझा जन्म गेला, तेव्हा शपथ म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण माझी मुलगी त्यांच्या घरात दिलेली, आणि मुलीच्या बापाला कसली आली आहे शपथ. व्याही पानात वाढतील ते नावाजायचं, एवढंच आपल्या हाती. आयुष्यभर मी साक्षीदारांचं खोटं ऐकलं, स्वतः खोटं बोलायला मात्र व्याह्यांच्या ओटीवर शिकलो.

व्याही पूर्वी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या गेस्ट हाउसवर आचारी होते. तिथे यंत्र बसवायला एक जर्मन इंजिनीअर आला. आपलं तिखट खाऊन तो रडकुंडीला आला, तेव्हा शेगडीशी उभं राहून त्याने व्याह्यांना आपल्या घरचा बटाटा शिकवला. उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, परतलेला कांदा, वाटलेली मोहरी, वर व्हिनेगर आणि मूठभर साखर. तो त्यात डुकराचं मांस घाली. व्याह्यांनी त्याजागी भाजलेले सुके बोंबील चुरून घातले आणि जर्मनीचा प्रश्न मिटवला. इंजिनीअर गेला, व्याही निवृत्त होऊन डोंगरातल्या वाडीत परतले, आणि बटाटा त्यांच्यामागोमाग आला. कुणाकडे बारसं असो की पूजा, हे पातेलं घेऊन हजर. व्हिनेगर उपासाला चालतं का, हे विचारायला ते गुरवाकडेही जाऊन आले. गुरवाने बाटलीचा वास घेतला आणि देवाला विचारून सांगतो म्हणाला. अजून त्याने सांगितलेलं नाही. एकदा महाडहून येताना एसटीत त्यांची बाटली फुटली. गाडीत पाळी संपवून निघालेले कामगार होते. कुठल्यातरी कंपनीत गळती झाली असं समजून त्यांनी नाकाला रुमाल लावले आणि गाडी थांबवली. सगळे खाली उतरले तेव्हा व्याही एकटेच आत बसून, पिशवी पिळून व्हिनेगर डब्यात वाचवत होते.

त्यांना तोंडावर खरं सांगणारं माणूस एकच, ते म्हणजे विहीणबाई. पहिला घास घेतला की त्या मान वर न करता म्हणत, "हे गोड हाय का आंबट, ते आधी ठरवा. मग वाढा." व्याही चिडत, पातेल्यात आणखी काहीतरी ओतत, पुन्हा वाढत, त्या पुन्हा तेच म्हणत. पानात मात्र कधी काही टाकत नसत. अन्न टाकू नये म्हणून खात असतील, असं मला वाटे.

गेल्या वर्षी विहीणबाई गेल्या. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला, शेजारच्या पानात भात, वडे, खीर, आणि बोंबील वगळून केलेला जर्मन बटाटा. कावळा आला. पिंडाला शिवला, वडा खाल्ला, खिरीत चोच घातली, बटाट्याभोवती एक फेरी मारली आणि उडून गेला. आम्ही सगळे माना खाली घालून उभे होतो. व्याही हलक्या आवाजात म्हणाले, "तीच हाय." मला हसूही आलं आणि रडूही आलं.

त्यानंतर सगळी वाडी त्यांच्याशी फार चांगली वागू लागली, आणि तिथेच बिघडलं. वाडीत आता उरलीत किती माणसं. निम्म्या दारांना मुंबईला गेलेल्यांची कुलपं आहेत. जी होती ती दयेपोटी बटाटा मागून खाऊ लागली, वा वा म्हणू लागली. ज्या दिवशी गुरवसुद्धा फस्क्लास म्हणाला, त्या दिवशी व्याह्यांनी पातेलं उपडं घातलं ते घातलंच. शेवटी मुलीचा मुंबईहून फोन आला. सासरे चूलच पेटवत नाहीत, चहा-बिस्किटांवर दिवस काढतात, आमच्याकडे मुंबईलाही यायला तयार नाहीत, असंच चाललं तर जगायचे नाहीत, म्हणाली.

मी गेलो. व्याही ओटीवर बसले होते, सदरा खांद्यावरून ओघळत होता. बटाटा खायला आलोय, असं मी म्हटलं. आजवर मी तो कधी मागितला नव्हता. सदरा सावरत ते म्हणाले,

"कशाला? सगले चांगलाच बोलतात. चांगला नाय तो, मला म्हायती हाय. आता सांगनारा कोन हाय?"

तरी उठले. सुनेचा बाप दारात आलेला, त्याला उपाशी कसं पाठवणार. चूल पेटवली, बटाटा केला, मला वाढला. समोर भिंतीला विहीणबाईंचा पाट टेकवून ठेवलेला होता. मुलीच्या बापाने काय बोलू नये हे मला चांगलं माहीत होतं. मी घास गिळला आणि मान वर न करता म्हटलं, "व्याही, हे गोड आहे की आंबट, ते आधी ठरवा."

त्यांच्या हातातली पळी तशीच राहिली. आज आपण मुलीचं सासर तोडलं, असं मला वाटलं. मग त्यांनी विचारलं, "साखर जास्त झाली?" फार जास्त झाली, मी म्हटलं. बोंबील जळाले का? जळाले. डोळे पुसत ते पातेल्याकडे वळले, त्यात भसकन व्हिनेगर ओतलं, मला पुन्हा वाढलं, आणि कितीतरी दिवसांनी स्वतःचंही पान मांडलं.

तेव्हापासून मी अधूनमधून पोलादपूरची गाडी धरतो, वाडीवर जातो आणि त्या बटाट्याला नावं ठेवतो. व्याही चिडतात, भांडतात, आणि जेवतात. अडचण एवढीच, की तो बटाटा मला आता आवडायला लागला आहे. महाडला घरी एखाद्या संध्याकाळी त्याची आठवण येते. विहीणबाई पानात काही का टाकत नसत, ते हल्ली मला कळतं. पण व्याह्यांना ते सांगायची सोय नाही.