स्मारकापुढची सही

आमच्या प्लेनो गावातल्या बागेत एक स्मारक आहे. बाह्या वर सारलेला साधासा माणूस, हातात बंदूक, आणि खाली गावातल्या लोकांची नावं. कुणी दुकानदार, कुणी मास्तर, कुणी शेतकरी. पगारी शिपाई नव्हेत. वेळ आली तेव्हा आपणहून नाव नोंदवून गेलेले. मुलीला सॉकरला सोडताना मी कित्येक वर्षं त्याच्याशेजारीच गाडी लावली. एकदाही वाचलं नाही.

या वर्षी आमच्या मराठी मंडळाला देशप्रेमाचा उमाळा आला. देश कुठला, ते विचारू नका. निम्मे लोक अजून व्हिसावर आहेत. कुणीतरी म्हणालं, इथल्या लोकांत मिसळायला हवं यार, स्मारकाला हार घालू. झालं! हार झेंडूचा की गुलाबाचा यावर तीन मीटिंगा झाल्या. अध्यक्षांना पुतळ्याला शाल पांघरायची होती. नगरपालिकेच्या बाईंनी नारळ फोडायला नाही म्हटलं, तर दोघं रुसून ग्रुपमधून बाहेर पडले. भाषण माझ्या गळ्यात आलं, आणि खोटं कशाला बोलू, मला आवडलंच ते.

त्याच आठवड्यात बारावीतल्या मुलीनं जेवताना माझ्यापुढे एक फॉर्म सरकवला. "बाबा, आय वॉन्ट टू साइन अप." राज्याच्या राखीव सैन्यात! महिन्यातून एक शनिवार-रविवार ट्रेनिंग, एरवी कॉलेज; पण बोलावणं आलं की जायचं. वय सतरा, म्हणून आईबाप दोघांची सही हवी. बायको दोन दिवस रडली आणि सही करून मोकळी झाली. मी भडकलो. "डोकं ठिकाणावर आहे का? हे काय खूळ काढलंस?" मग म्हटलं, बघू. आमच्या घरात बघू म्हणजे नाही, हे तिला चांगलं माहीत आहे.

कार्यक्रम झकास झाला. मी आवाज चढवून म्हणालो, "ज्या आईबापांनी काळजावर दगड ठेवून आपली लेकरं पाठवली, त्यांना त्रिवार वंदन!" टाळ्या पडल्या. मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकूंनी तर डोळे पुसले. मग सगळे सामोशांकडे वळले.

मुलगी फॉर्म घेऊन आली. "चार महिन्यांनी मी एटीन होईन, बाबा. मग तुझी सही लागणारच नाही. बट आय वॉन्ट इट."

सरळ सांगतो, मी घाबरलो होतो. एकुलती एक पोर. दुसऱ्या कुणाची असती तर मीच तिला हार घातला असता. तिच्याकडे पाहिलं, ती नजर हलवेना. शेवटी स्मारकाच्याच चौथऱ्यावर कागद ठेवून सही केली. वेडीवाकडी आली.

तेवढ्यात काकू बशी घेऊन आल्या. "कसला रे फॉर्म?"

"कॉलेजचा," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

आमची पोर मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते. त्या दिवशी ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "नाही काकू. मी सैन्यात चाललेय. बाबांना सांगायची लाज वाटते."