पाठ झालेली उत्तरं

मॅनेजमेंट कॉलेजात मी सामाजिक जबाबदारी हा विषय शिकवतो. दरवर्षी नव्या मुलांना घेऊन कॉलेजमागच्या वस्तीत पाण्याची पाहणी करायला जातो. यंदा तिथल्या हौसाबाईंनी भांडी घासताघासता, प्रश्न विचारायच्या आधीच पाढे म्हणावेत तशी उत्तरं सांगून टाकली. "माणसं पाच. नळ नाही. टँकर तिसऱ्या दिवशी. लिहिलंस का गं?"

माझ्या विद्यार्थिनीनं लिहून घेतलं. मला लाज वाटायला हवी होती, पण काहीच वाटलं नाही. एवढ्या वर्षांत आमचे अहवाल जाडजूड झाले, बाईंची उत्तरं पाठ झाली. माझं काय झालं, कोण जाणे.

निघताना त्यांनी विचारलं, "सर, मागच्या पोरांना मार्क चांगले पडले ना?"

"हो."

"मग बरं झालं," म्हणाल्या, आणि तांब्यातल्या उरलेल्या घोटभर पाण्यात त्यांनी शेवटचं पातेलं विसळलं.