सरूचा झिरा कुठे होता

खाटेवरून बाबांचं फर्मान निघालं, "पूर्णेवर जाऊन ये. सरूच्या झिऱ्याचं नाव अजून कोनी घेते का, तेवढं इचार." भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलं त्यांचं. नकाशात नदीला एकच नाव, गावात मात्र वळणावळणाला वेगळं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सरू म्हणजे त्यांची आई, माझी आजी. पक्षाघातानंतर त्यांना जाता येत नाही, म्हणून मी निघाले.

अकोल्याहून दर्यापूरची एसटी घ्या. बायकांना अर्धं तिकीट. पूर्णेच्या पुलाशी उतरून अर्धा तास पायी. पोथ्यांतली पयोष्णी ती हीच, पण फार अपेक्षा ठेवू नका. सपाट काळं रान आणि त्यात खोल गेलेली मातकट नदी, बस्स. इथल्या विहिरी खाऱ्या. म्हणून पूर्वी उन्हाळ्यात पात्रातल्या वाळूत खड्डा उकरायचे, त्यात गोडं पाणी झिरपायचं. तो झिरा. खणणाऱ्याचं नाव झिऱ्याला लागायचं आणि झिऱ्याचं त्या वळणाला. आम्ही बौद्ध, त्यामुळे आजीचा झिरा खालच्या अंगाला.

आता गावात नळ आलेत आणि वाळू उपसून पात्राची चाळण झालीय. पारावर तिघांना विचारलं.

"सरू? कोन सरू?"

मला रडूच आलं. बापाला जाऊन हे सांगायचं?

शेवटी वरच्या आळीत वत्सलाबाई भेटल्या. ऐंशीच्या पुढच्या, ओट्यावर तूर पाखडत बसलेल्या. मी कोण ते सांगितलं.

"सरूची नात हायेस तू?" सूप थांबलं. "आमचा वरचा झिरा वैशाखात आटे. मंग आमी साऱ्याजनी तिचंच पानी भरो."

"मंग तिचं नाव काहून नाही राहिलं?"

"घरी कसं सांगनार, बाई? वरचंच पानी हाये, असं सांगो."

त्यांनी चहाला थांब म्हटलं. मी थांबले नाही. राग आला होता, आणि तो म्हातारीवर काढायचा नव्हता.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं.

"त्या भरेपर्यंत माय दूर उभी राहे," ते म्हणाले. "सोताच्याच झिऱ्यापासून." मग विचारलं, "नाव घेतलं ना तिनं?"

"घेतलं, बाबा."

"कितीदा?"

"एकदा."

त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं.

तुम्ही गेलात तर पुलाच्या खालच्या अंगाचं दुसरं वळण. बघण्यासारखं तिथे काही नाही. तरी गावात कोणाला तरी वाट विचारा, आणि विचारताना सरूबाईचं नाव मोठ्याने घ्या.