सासऱ्यांच्या मशीनचा क्लच

मी आजवर एकच यंत्र दुरुस्त केलं आणि ते उत्तम दुरुस्त झालं, हे आधीच सांगून ठेवतो.

यंत्र सासऱ्यांचं. राजारामपुरीतल्या त्यांच्या बंगल्यापुढं रुमालाएवढी हिरवळ आणि ती कापायला रणगाड्याचं थोरलं भावंड वाटावं असं जुनं पेट्रोलचं मशीन. पुढं गोल फिरणारी पाती, मागं लोखंडी रूळ. (सुरू झालं की पार तिकडं शिरोळात ऊस थरथरतो म्हणे.) हिरवळीपलीकडं शेवंतीचा वाफा. दुसऱ्या दिवशी बागांच्या स्पर्धेचे परीक्षक यायचे होते, आणि सासऱ्यांनी ती शेवंती नातवंडांपेक्षा जास्त जपली होती. (नातवंडं माझीच, म्हणून खात्रीनं सांगतो.)

नेमकं त्या सकाळी मशीन अडलं. इंजिन धडधडतंय, पण जागचं हलत नाही.

"क्लच घसरतोय," सासरे म्हणाले. "दाढी उरकून येतो. तवर हात लावू नकासा, पावणं."

जन्म मोटारसायकलवर गेलेल्या माणसाला क्लचला हात लावू नका म्हणायचं!

"अहो, बाबांना येऊ द्या की," बायको म्हणाली.

"क्लच तो क्लच," मी म्हणालो.

"व्हय की," कुंपणापलीकडून शेजारचे बशीरचाचा म्हणाले. तेही बुलेटवरच म्हातारे झालेले. "तार आवळा, झालं."

पाना फिरेल तेवढा फिरवून मी तार आवळली. मग गाडी सुरू करताना करतो तेच केलं. डाव्या हातानं क्लच गच्च दाबून धरला, उजव्यानं दोरी ओढली.

एक बारीकसा फरक ध्यानात आला नव्हता. मोटारसायकलचा क्लच दाबला की इंजिनाचा जोर सुटतो. या मशीनचा दाबला की ते निघतं.

ते निघालं. थांबावं म्हणून मी आणखी दाबला. ते आणखी मन लावून निघालं.

"क्लच दाबा, क्लच!" बशीरचाचा.

"दाबलाय की ओ चाचा!"

"मग अजून दाबा की!"

अर्ध्या गालाला फेस लावलेले सासरे बनियनवर मागनं धावत आले. "सोडा! हातातलं सोडा पावणं!"

पण गाडी अंगावर आल्यावर क्लच सोडतो कोण? मी दोन्ही हातांनी आवळला. शेवंतीच्या मधोमध असा सरळ, सुबक पट्टा निघाला की हिरवळीतसुद्धा कधी निघाला नसेल. कुंपणाला धडकून इंजिन बंद पडलं.

"अहो, आता तरी सोडा," माझ्या डोक्यावरच्या पाकळ्या झाडत बायको म्हणाली. "मेलंय ते."

दुसऱ्या दिवशी परीक्षक वाफ्यापाशी बराच वेळ थांबले. "इथं काय नवीन लावणार आहात?"

"लावणार न्हाय," सासरे म्हणाले. "जावई पुरणार हाय."

स्पर्धेची ढाल शेजारच्या गल्लीत गेली. परीक्षक परत फिरल्यावर सासऱ्यांनी माझ्यापुढं एक मोठी कात्री धरली.

"हिरवळ तशीच ऱ्हायलीया. बसून कापा. हिला क्लच न्हाय."

मी उजव्या हातात कात्री घेतली, उकिडवा बसलो आणि सुरू करण्याआधी, सवयीनं, डाव्या हाताची मूठ गच्च आवळली.