मोकळ्या शेवटाची कादंबरी

वाचनालयाची चिटणीस झाल्यावर मी आधी यादी केली. मुदत उलटलेली पुस्तकं आणि ती ज्यांच्याकडे आहेत ते सभासद. तीन आठवणपत्रं, मग सभासदत्व रद्द. हा नियमही माझाच. यादीत सर्वांत वर तेरखेड्याच्या एक बाई होत्या. फटाक्यांच्या कारखान्यात कामाला.

त्यांच्याकडची कादंबरी नवी होती. आमच्या रविवारच्या चर्चेत तिच्यावरून दोन तट पडले होते. निवृत्त प्राध्यापकांच्या मते हल्लीच्या लेखकांना शेवट जमत नाही, म्हणून ते तो मोकळा सोडतात. कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम म्हणत, वाचकाला सगळं भरवायचं कशाला? एकानं ती मोबाइलवर ऐकली होती. ते वाचन धरायचं का, यावर अर्धा तास गेला. छापील पुस्तक मात्र दोघांनीच वाचलेलं, कारण प्रत एकच आणि ती तेरखेड्यात.

तिसऱ्या पत्रानंतर बाई एसटीनं आल्या. कादंबरीला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. मी रजिस्टर उघडलं. त्यांनी आधी कारण सांगितलं. कागदाच्या नळ्या वळताना सहा बायका गोल बसतात. मोबाइल आत नेता येत नाही. म्हणून या रोज सकाळी एक प्रकरण वाचून जातात आणि कामावर ते सांगतात.

"दोन महिन्यांत संपली नाही?" मी विचारलं.

"पंधरा दिवसांतच संपली, मॅडम. पण ती बाई घर सोडून स्टँडवर बसती, अन् फुडं काय ते लिव्हलंच न्हाय. कामावरच्या बायका मला म्हणल्या, तूच पानं फाडलीस."

तेव्हापासून पुढचं त्या स्वतःच रचून सांगत होत्या. पुस्तक पिशवीत दिसलं की बायकांना ते त्यातलंच वाटायचं. खळीनं चिकट झालेल्या हातांनी कुणी त्याला शिवत नव्हतं.

"आता पुस्तक न्हाय म्हणल्यावर कोण ऐकंल माझं?" त्या म्हणाल्या.

कादंबरीसाठी अकरा जण थांबले होते. ती मी जमा करून घेतली. मग बाद पुस्तकांच्या गठ्ठ्यात तेवढ्याच जाडीचं शोधलं. दुभत्या जनावरांच्या निगेवरचं एक सापडलं. कादंबरीचं कव्हर काढून त्याला चढवलं. कोपऱ्यात थोडं सैल राहिलं. बाईंनी ते हातात तोलून पाहिलं आणि पिशवीत टाकलं. सभासदत्व चालू ठेवलं. बाद पुस्तकाला मुदत नसते, म्हणून नोंद केली नाही.

कादंबरीतल्या त्या बाईचं पुढं काय झालं, असं त्या निघताना मी विचारलं.

"बार्शीला शिवणकाम करती. काल नवरा न्यायला आलाय." त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. "मी तिला धाडणार हुते. पर बायका म्हणत्यात, त्याला चार दिवस दारात बसू दे."