केसभर झुकलेली रेघ

ईसीजीच्या कागदावर यंत्रानेच ‘नॉर्मल’ असे छापले होते. आमच्या गावच्या डॉक्टरबाईंनी तो शब्द अंगठ्याखाली झाकला आणि मग रेघा वाचायला घेतल्या. ही त्यांची रोजची पद्धत.

“पित्त आहे हो, मिसळ बाधली,” माझे मेहुणे उठत म्हणाले.

“मिसळीने एवढा घाम फुटतो? झोपा गप्प,” बहिणीने दटावले.

बाईंचे बोट एका कोपऱ्यात थांबले. तिथे रेघ सपाट हवी होती; ती केसभर खाली झुकली होती. “पुन्हा काढू,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या कागदावर ती आणखी झुकली होती आणि खालच्या ओळीतल्या रेघा वर उचलल्या होत्या. हृदयाची रक्तवाहिनी बंद होत होती आणि ते आमच्या डोळ्यांदेखत कागदावर उमटत होते. भीतीच्याही आधी अंगावर रोमांच उभे राहिले. संकट गाजावाजा करत येईल असे आपण धरून चालतो. इथे ते केसभर आले होते आणि पकडले गेले होते.

“हा अटॅकच आहे. अँब्युलन्स बोलवा!”

संध्याकाळी शहरातल्या रुग्णालयात रक्तवाहिनी उघडल्यावर नवा ईसीजी निघाला. बहिणीने नेमक्या त्याच कोपऱ्यावर बोट ठेवले. “इथं आता सपाट आहे ना?”

सपाट होती.