दादाच्या वाटीतलं डांगराचं सूप

आजवर बायकोलाही सांगितलं नाही, ते आधी सांगून टाकतो. माझ्या माळकरी थोरल्या भावाला मी मासे खाऊ घातले आहेत. आधी नकळत आणि मग डोळे उघडे ठेवून. दर वेळी भोपळ्याच्या सुपातून.

आमच्याकडे लाल भोपळ्याला डांगर म्हणतात, आणि अख्खं डांगर बाईनं फोडायचं नसतं. पहिली सुरी पुरुषानं लावायची. का, ते कुणी सांगत नाही, पण सोय मोठी आहे. सुरी लावली की पुरुषाचा स्वयंपाक संपला. मग त्यानं बाहेर ओट्यावर जाऊन बसावं आणि अजून किती वेळ आहे ते विचारावं. पन्नाशी उलटेपर्यंत मी एवढाच स्वयंपाक केला. तोही धड नाही. सुरी मध्येच अडकायची आणि बायको न बोलता वरवंटा आणून द्यायची.

पुढे मुलगी पुण्याला नोकरीला लागली आणि पप्पांना काहीतरी छंद हवा असं तिच्या मनानं घेतलं. एका सुट्टीला ती घोडेगावला आली ती एक पिशवी घेऊन. थाई पद्धतीच्या भोपळ्याच्या सुपाचं सामान. पिशवीत नारळाच्या दुधाचा डबा, एक काळपट बाटली आणि वाळक्या गवताचं चकचकीत पाकीट. बायकोनं पाकीट फोडून वास घेतला.

"अहो, हा गवती चहा! मोरीच्या कडेला एवढा माजलाय की परवा मी कापून शेजारच्या म्हशीपुढं टाकला."

म्हैस माझ्याआधी थाई जेवली होती. तरी मी पाकिटातलंच गवत वापरायचं ठरवलं. मोरीच्या कडेचं घातलं असतं तर ती आमटी झाली असती.

मुलगी परत गेली आणि त्याच आठवड्यात दादा बेल्ह्याहून आला. एसटीत मांडीवर डांगर घेऊन. पहिली सुरी त्यानंच लावली आणि रिवाजाप्रमाणे ओट्यावर जाऊन बसला. पुढचं सगळं मी केलं. कांदा, लसूण, आलं परतलं, फोडी शिजवल्या, मिक्सरमधून काढल्या, नारळाचं दूध ओतलं, हिरवी मिरची ठेचून टाकली, लिंबू पिळलं. बाटली उघडली तर वास जरा उग्र आला. परदेशी वस्तूला असतोच, म्हणून दोन चमचे घातलं. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचायला चष्मा लागतो. चष्मा कपाळावर होता. पण आचाऱ्यानं वाचत बसणं मला शोभेना.

"पेज केली का रं?" दादानं वाटीत डोकावून विचारलं. मग त्यात बाजरीची भाकरी कुस्करली, एक घास घेतला आणि थांबला. "आयला! काय घातलंस ह्यात? लई झ्याक लागतंय राव!"

आयुष्यात दादानं माझं कौतुक केलेलं मला तरी आठवत नाही. मी आत गेलो तो तरंगतच. तेवढ्यात मुलीचा फोन.

"पप्पा, झालं का सूप? ऐका, त्या बाटलीतलं जपून घाला. फिश सॉस आहे तो. आणि काका आले तर त्यांच्यात नका घालू हं."

मी चष्मा खाली घेतला. लिहिलेलं होतं, चांगलं ठळक. शेजारी मांसाहाराचा ठिपकाही होता. मासे आंबवून काढलेलं ते पाणी मी माळकऱ्याला वाढून आलो होतो.

बाहेरून दादा ओरडला, "आजून हाय का रं?"

मुलीला मी म्हणालो, "बरं." आणि दादाला म्हणालो, "आहे की."

दादाची माळ म्हणजे काय ते सांगायला हवं. तरुणपणी नदीला नवं पाणी आलं की जाळं घेऊन पहिला उतरणारा दादाच. माशाचा काटा जिभेनं बाजूला काढत तो गप्पा मारायचा. वडील गेले त्या वर्षी त्यानं माळ घातली आणि जाळं देऊन टाकलं. तेव्हापासून अंड्याच्या संशयानं तो वाढदिवसाचा केकही खात नाही. मन विसरलं असेल, जीभ विसरली नव्हती. आणि तिला बरोबर मी गाठली.

पुढच्या खेपेला बेल्ह्याला मी सूप केलं ते त्या बाटलीशिवाय. सुटलो असं वाटलं. दादानं वाटी खाली ठेवली. "तवाची चव न्हाई ही."

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हात आखडला वाटतं. एवढं गाळून पाणीच पाजायचं व्हतं, तर डांगर कशाला मारलं?"

तिथंच विषय संपायचा. पण दादाला भाऊ मिरवायचा होता. त्यानं अख्ख्या भजनी मंडळाला जेवायला बोलावलं. "आमचा धाकटा परदेशी सूप करतो. एकदम शाकाहारी!"

मी गेलो. पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली बाटली होती. देवाला निघालेला माणूस तंबाखूची डबी लपवतो तशी. पातेल्यात थेंब घातला नाही, हे मी त्या वेळी स्वतःला मोठ्या अभिमानानं सांगितलं. सगळ्यांच्या वाट्या स्वच्छ. फक्त दादाची वाटी मी पाठमोरा होऊन भरली आणि तिच्यात बाटली वाकडी केली. या खेपेला चष्मा डोळ्यांवर होता.

"हां! आता कसं! हीच ती चव!" दादा मांडी थोपटून म्हणाला. आणि वाटी शेजारच्या वीणेकरी बाबांपुढे सरकवली. "बाबा, तुमी चाखा. काय गोडी हाय बघा!"

मी "अहो" एवढंच म्हणालो. बाबांनी चाखलं, डोळे मिटले. "खरंच की. ह्या वाटीत काहीतरी येगळं हाय. भावाची माया उतरलीय ती."

सगळ्या मंडळानं माना डोलावल्या. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. नंतर भजनाला माझ्या हातात टाळ दिले. मी वाजवले.

तेव्हापासून माझ्यात एक वकील राहायला आला आहे. तो सांगतो, नकळत खाल्लं तर दोष लागत नाही. सांगतो, चार थेंबांत मासा कुठला. सांगतो, या वयात दादाला धक्का कशाला. दादाची काळजी म्हणून तो हे बोलत नाही. "हीच ती चव" हे मला पुन्हा ऐकायचं होतं, दुसरं काही नाही. मायेचं नाव बाबांनी दिलं आणि मी ते खाली पाडलं नाही.

परवा दादाचा फोन आला. "डांगर पिकलंय. कवा येतोस? आन् येताना तुझं ते जे काय असतं, ते इसरू नको."

बाटली बेसनाच्या डब्यामागे आहे. अजून टाकलेली नाही.

माळ तशीच ठेवायची, की उतरवून पुन्हा विधीनं घालायची, हे दादानं ठरवायचं होतं. ते मी ठरवून टाकलं. वीणेकरी बाबांचंही तेच. दोघांना खरं काय ते तोंडावर सांगायचं देणं मी लागतो. त्यासाठी या रविवारी मी बेल्ह्याला जाणार आहे. अजून सांगितलेलं नाही.